सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवणं सुरक्षित आहे का? आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शंभरेक खाती आहेत, त्यांतली बरीचशी दोन-तीन पासवर्डांवर चालतात, शेवटचा आकडा तेवढा बदललेला. उरलेले पासवर्ड डायरीत. दर आठवड्याला कुठेतरी ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करावं लागतं. पासवर्ड मॅनेजर वापरावा असं वाटतं, पण सगळं एकाच ठिकाणी ठेवायची भीती वाटते, आणि शंभर खाती हलवायला वेळ कुठून आणायचा हेही कळत नाही.

गेली सोळा वर्षं मी एका संस्थेतली लॉगिनची व्यवस्था सांभाळतो. या काळात अनेकांना जुन्या सवयींतून बाहेर काढलं आहे, त्यात मीही एक.

‘शेवटचा आकडा तेवढा बदललेला’ हे तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, पण तुमच्या प्रश्नातली सर्वांत धोकादायक गोष्ट तीच आहे. पासवर्ड चोरीला जातो तो पुष्कळदा तुमच्याकडून जात नाही. ज्या साइटवर कधीकाळी खातं उघडून विसरून गेलात, तिथून जातो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही कुठलंही कुलूप न लावता साध्या अक्षरांत साठवलेले. २०१२ मध्ये लिंक्डइनची चोरी झाली तेव्हा आकडा ६५ लाखांचा वाटला होता. चार वर्षांनी त्याच चोरीतले ११ कोटी ७० लाख ईमेल आणि पासवर्ड विक्रीला आले. अशा याद्या हातात आल्या की चोर एकेक खातं स्वतः बसून उघडत नाहीत. एक प्रोग्रॅम तीच ईमेल आणि तोच पासवर्ड इतर शेकडो साइटवर लावून बघतो.

२०२३ मध्ये ट्वेन्टी-थ्री-अँड-मी या डीएनए तपासणाऱ्या कंपनीत हेच झालं. कंपनीची यंत्रणा फोडावी लागली नाही. दुसरीकडून गळालेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली गेली, आणि त्या खात्यांना नातेवाईक शोधायच्या सुविधेतून जे दिसत होतं त्यामुळे जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. म्हणजे काही हजार जणांनी पासवर्ड परत वापरला आणि ज्यांनी वापरला नव्हता तेही त्यात ओढले गेले.

आकडा बदलल्याने यातलं काही टळत नाही. पासवर्ड ओळखणारे प्रोग्रॅम पहिल्यांदा हेच करून बघतात: शेवटचा आकडा एकाने वाढवा, वर्ष जोडा, पहिलं अक्षर मोठं करा, ‘ए’ च्या जागी ‘@’ टाका. ही सवय आपल्याला लागली त्यात आपला दोष फारसा नाही. २००३ साली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी जी मार्गदर्शक सूचना लिहिली, तिच्यातून मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल हे नियम जगभरच्या कार्यालयांत पोचले. माणसाला दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावलं की तो शेवटचा आकडाच बदलणार. २०१७ मध्ये त्याच संस्थेने नवे नियम काढले: कारण नसताना बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांबी वाढू द्या, पेस्ट करू द्या. आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो, असं बर यांनीही त्याच वर्षी सांगितलं. जुने नियम मात्र अजून अनेक फॉर्मांवर तसेच आहेत.

तेव्हा गरज आहे ती एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या शंभर पासवर्डांची. तेवढे कुणाच्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मॅनेजर: पासवर्ड बनवणारं, कुलूपबंद साठवणारं आणि लॉगिनच्या वेळी भरून देणारं ॲप.

आता भीतीबद्दल. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर ठेवायची का, हा प्रश्न रास्त आहे. पण ती तुम्ही आधीच ठेवलेली आहे. तुमचा ईमेल ज्याच्या हाती लागेल तो बहुतेक प्रत्येक साइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून आत शिरू शकतो. फरक इतकाच की ईमेलचं खातं या कामासाठी बांधलेलं नाही, आणि मॅनेजरची तिजोरी, म्हणजे त्यातली पासवर्डांची साठवण, त्याचसाठी बांधलेली असते.

तिजोरी चालते कशी ते कळलं की भीती योग्य जागी ठेवता येते. तुम्ही मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा एकच पासवर्ड, टाकता. तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर त्याच्यावर मुद्दाम संथ ठेवलेलं गणित लाखो वेळा चालतं आणि त्यातून एक किल्ली तयार होते. त्या किल्लीने तिजोरीतला मजकूर कुलूपबंद होतो आणि मग तो गठ्ठा कंपनीच्या सर्व्हरवर जातो. चांगल्या मॅनेजरमध्ये कंपनीकडे किल्लीही नसते आणि मास्टर पासवर्डही नसतो. गणित संथ ठेवण्याचं कारण असं की तुम्हाला उघडताना अर्धा सेकंद लागला तर काही बिघडत नाही, पण अब्जावधी अंदाज लावणाऱ्या चोराला प्रत्येक अंदाजामागे तोच वेळ मोजावा लागतो.

हे सगळं खरं असूनही २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरकडे चोरी झाली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की विकासकांच्या यंत्रणेत कुणी शिरलं होतं. डिसेंबरमध्ये कळवलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती नेल्या गेल्या आहेत. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. शिवाय काही जुन्या खात्यांमध्ये ते संथ गणित १ लाखाऐवजी फक्त ५ हजार वेळा चालत होतं, कारण कंपनीने नव्या खात्यांसाठी आकडा वाढवला तेव्हा ही जुनी खाती मागे राहिली होती. प्रत चोराच्या घरी पोचली की पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करणारं कुणी नसतं. तो वर्षभर अंदाज लावत बसू शकतो.

ही घटना सांगून मी तुम्हाला मॅनेजरपासून दूर ढकलत नाही. मी स्वतः त्या डिसेंबरात ओळखीच्या कितीतरी जणांची तिजोरी तपासली आणि निष्कर्ष एकच निघाला: ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला होता, त्यांना पासवर्ड बदलायला निवांत वेळ मिळाला. ज्यांचा मास्टर पासवर्डही ‘नाव आणि आकडा’ असा होता, त्यांना त्याच रात्री बसून सगळं बदलावं लागलं. म्हणून तिजोरी एक दिवस चोरीला जाणार असं धरूनच चाला आणि मास्टर पासवर्ड त्या दिवसासाठी बनवा. सेटिंगमध्ये जाऊन ते गणित कोणतं आहे तेही बघा. आर्गॉन२ असेल तर उत्तम. पीबीकेडीएफ२ असेल तर ते किती वेळा चालतं तो आकडा ६ लाखांच्या आसपास असावा. वनपासवर्ड या मॅनेजरची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे मास्टर पासवर्डाच्या जोडीला तुमच्या उपकरणावर १२८ बिटांची एक गुप्त किल्ली बनते, आणि ती सर्व्हरवर जात नसल्याने नुसती प्रत चोरून काही उपयोग होत नाही.

मास्टर पासवर्ड स्वतः सुचवू नका. माणसाला सुचतं ते दुसऱ्या माणसालाही सुचतं. गाण्याची ओळ, म्हण, मुलांची नावं, हे सगळं चोरांच्या याद्यांत असतं. १९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड यांनी फाशांची एक पद्धत मांडली आणि मला आजही तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. फासा पाच वेळा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द ७,७७६ शब्दांच्या यादीतून घ्यायचा. असे पाच शब्द घेतले की शक्यता होतात २८ वर १८ शून्यं. सहावा शब्द घेतला की त्याच्या ७,७७६ पट. यादी चोराला माहीत असली तरी चालतं, कारण ताकद फाशात आहे. फासा नसेल तर मॅनेजरमध्येच शब्दांचा पासवर्ड बनवायची सोय असते. शब्द आले की आवडत नाहीत म्हणून परत परत नवे काढू नका. त्या निरर्थक शब्दांची मनात एक गोष्ट जुळवा, ती गोष्ट लक्षात राहते.

आणि पहिले पंधरा दिवस बोटाचा ठसा किंवा चेहरा लावू नका. दिवसातून चार वेळा हाताने टाइप करा. मी हे आग्रहाने सांगतो कारण मला याचा चटका बसला आहे. पहिल्या दिवसापासून ठसा लावला, तीन महिने मास्टर पासवर्ड एकदाही टाइप केला नाही, मग फोन बिघडला. नव्या फोनवर तिजोरी पासवर्ड मागू लागली आणि पाचपैकी तीनच शब्द आठवले. अडचणीत वापरायचा रिकव्हरी कोड होता, पण तो मी तिजोरीच्याच आत जपून ठेवला होता. चार दिवसांनी एका जुन्या लॅपटॉपवर तिजोरी उघडी सापडली म्हणून सुटलो. बहुतेक मॅनेजरांमध्ये कंपनी तुमचा मास्टर पासवर्ड बदलून देऊ शकत नाही, आणि तसं असणंच योग्य आहे.

म्हणून एक कागद करा. त्यावर मॅनेजरचं नाव, खात्याचा ईमेल, मास्टर पासवर्ड, गुप्त किल्ली असेल तर ती, मॅनेजरचा रिकव्हरी कोड आणि ईमेलचे रिकव्हरी कोड. छापू नका, फोटो काढू नका, हाताने लिहा. पाकिटात घालून जिथे महत्त्वाची कागदपत्रं असतात तिथे ठेवा, दुसरी प्रत तुमच्या विश्वासाच्या माणसाकडे. तुम्ही आजारी पडलात किंवा नसलात तर घरच्यांना हाच कागद लागेल. मी पाहिलंय, अशा वेळी घरची माणसं दुःखात असताना फोनच्या लॉकशी झगडत असतात. ते त्यांच्यावर येऊ देऊ नका.

आता वेळेचा प्रश्न. शंभर खाती रविवारी बसून हलवायची नाहीत. ज्यांनी तसं केलं त्यांतले बरेच जण तिसाव्या खात्याला कंटाळून डायरीकडे परतले. पहिल्या दिवशी तासभर द्या: फोन आणि संगणक दोन्हीकडे मॅनेजर, ब्राउझरमध्ये त्याचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), मास्टर पासवर्ड, तो कागद, आणि फक्त ईमेलचं खातं. ईमेलला नवा पासवर्ड द्या आणि दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारं, चालू करा. दुसऱ्या दिवशी पैशाची खाती आणि फोन ज्या खात्यावर चालतो ते खातं. तिसऱ्या दिवशी जिथे कार्ड साठवलेलं आहे त्या साइट. बस्स. उरलेल्यांसाठी मुद्दाम वेळ काढू नका. कामासाठी ज्या साइटवर जाल तिथे लॉगिन होताच मॅनेजर ‘साठवू का?’ विचारेल, हो म्हणा, आणि दोन मिनिटं असतील तर तिथेच पासवर्ड बदला. दोन-तीन महिन्यांत तुमच्या वापरातलं सगळं आत आलेलं असतं. जी खाती त्या काळात एकदाही लागली नाहीत, त्यांतली बरीच बंद करून टाकण्यासारखी असतात.

ब्राउझरमध्ये आधीपासून पासवर्ड साठवलेले असतील तर ते एकदम आणता येतात, पण त्यासाठी निघणारी सीएसव्ही फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत. काम झालं की ती लगेच पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा, आणि डाउनलोडचं फोल्डर क्लाउडवर आपोआप चढत असेल तर तिथूनही काढा. स्वतःला ईमेल करून तर ती कधीच हलवू नका. अशी दोन वर्षं जुनी फाइल मला लोकांच्या डेस्कटॉपवर सापडली आहे. नंतर ब्राउझरची स्वतःची साठवण बंद करा, नाहीतर दोघांकडे दोन वेगळे पासवर्ड होतात आणि खरा कोणता ते कळत नाही.

पासवर्ड बदलताना एक क्रम पाळा. मॅनेजरमध्ये नवा पासवर्ड तयार करून आधी तिथे साठवा, मग साइटवर टाका, आणि लॉगआउट होण्याआधी खासगी विंडो उघडून त्याच पासवर्डने आत जाता येतंय ना ते बघा. काही साइट लांब पासवर्ड स्वीकारल्यासारखा दाखवतात आणि न सांगता शेवटची अक्षरं कापतात. २० अक्षरं पुरेशी आहेत. एखादी साइट हट्टाने नाही म्हणाली तर १६ ठेवा. आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा असले प्रश्न विचारले तर खरी उत्तरं देऊ नका. तिथेही मॅनेजरने बनवलेले शब्द टाका आणि त्याच नोंदीत लिहून ठेवा.

वेळ वाचतो का? पहिला महिना वाचत नाही, उलट लागतो. मग मात्र दर आठवड्याचं ते ‘विसरलात?’ चक्र थांबतं: ईमेलची वाट, नवा पासवर्ड, तो परत फोनवर टाकणं, पुन्हा विसरणं. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-एल दाबलं की लॉगिन भरलं जातं. तेवढा एक शॉर्टकट अंगवळणी पडला की लॉगिनचा विचारच मनात येत नाही.

या वेळ वाचवणाऱ्या सोयीतच सुरक्षेचा एक मोठा भाग दडलेला आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मॅनेजर पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. खोट्या पानावरचा लोगो, रंग, अक्षरं सगळं तंतोतंत असलं तरी पत्त्यात एक अक्षर वेगळं असेल तर तो पासवर्ड पुढे करत नाही. आमच्याकडच्या एका सहकारी बाईंना बिल थकल्याचा ईमेल आला होता. लिंकवरचं पान हुबेहूब होतं. मॅनेजर गप्प राहिला. त्या घाईत होत्या, त्यांना वाटलं एक्स्टेन्शन बिघडलं. त्यांनी तिजोरी उघडून पासवर्ड शोधला, हाताने कॉपी केला आणि त्या पानावर पेस्ट केला. खातं वीस मिनिटांत गेलं. चूक त्यांची म्हणता येणार नाही, कारण मॅनेजर गप्प का राहतो हे आम्ही त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी नव्या माणसाला पहिल्यांदा हेच सांगतो: मॅनेजर नेहमीच्या साइटवर पासवर्ड देत नसेल तर हात थांबवा, टॅब बंद करा, आणि तिजोरीतल्या नोंदीवर क्लिक करून तिथून साइट उघडा. कधी कधी कंपनीने खरोखरच पत्ता बदललेला असतो, पण ते अशा वाटेने गेल्यावर कळतं. याच कारणासाठी पान उघडताच आपोआप भरण्याची सेटिंग बंद ठेवा. तुम्ही सांगाल तेव्हाच भरू दे.

दोन टप्प्यांचे कोडही त्याच तिजोरीत ठेवावेत का, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. माझं मत असं की साध्या खात्यांचे ठेवायला हरकत नाही, कारण वेगळं ॲप नको म्हणून दुसरा टप्पाच न लावणं कितीतरी वाईट. पण ईमेल, पैसे आणि खुद्द मॅनेजर यांचे कोड बाहेर, दुसऱ्या ॲपमध्ये किंवा यूएसबीच्या सुरक्षा किल्लीवर. एसएमएसवर येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे करून घेऊन तो पळवता येतो.

कोणता घ्यायचा यावर लोक वाजवीपेक्षा जास्त दिवस घालवतात. सगळ्यांत काही ना काही उणं आहे. बिटवॉर्डनचा कोड कुणालाही तपासता येतो आणि फुकटच्या खात्यावर बहुतेकांचं भागतं, म्हणून मी नवख्याला तोच सुचवतो. कीपासएक्ससी तिजोरी फाइलच्या रूपात तुमच्याच संगणकावर ठेवतो, सर्व्हरचा प्रश्नच नाही, पण बॅकअपची जबाबदारी पूर्ण तुमची. ती शिस्त नसेल तर नको. फोनसोबत येणारे गूगल आणि ॲपलचे मॅनेजरही, एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा शंभरपटीने चांगले. एक मात्र लक्षात असू द्या. संगणकातच चोर प्रोग्रॅम शिरला असेल तर उघडी तिजोरी कोणत्याही कंपनीची असो, सुरक्षित नाही. कुठूनही उतरवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आणि अनोळखी एक्स्टेन्शन टाळणं मॅनेजरच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

काही साइट आता पासकी देऊ करतात. तिथे पासवर्डच नसतो, उपकरणातली किल्ली साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२२ मध्ये याला एकत्र पाठिंबा जाहीर केला. मॅनेजर पासकीही साठवतात, म्हणून साइटने विचारलं तर हो म्हणा.

राहिली डायरी. तिची लाज वाटू देऊ नका. दूर बसलेल्या चोराला कागद वाचता येत नाही, आणि अनेकांच्या ‘पासवर्ड’ नावाच्या एक्सेल फाइलपेक्षा ती बरी होती. तिचा दोष इतकाच की हाताने लिहायचं आणि हाताने टाइप करायचं म्हटलं की आपण छोटा आणि सोपा पासवर्ड निवडतो. ती लगेच फेकूही नका. प्रत्येक खातं हललं की त्या ओळीवर आडवी रेघ मारा. तीन महिन्यांनी रेघ न मारलेल्या ओळी किती उरल्या ते बघा, त्या खात्यांचं काय करायचं ते ठरवा, आणि मग पानं बारीक फाडून टाका.